घरी अचानक गेलेल्या माणसाला ‘हार्ट अटॅक’चा दाखला: शवविच्छेदन सक्तीचं करावं का?

शुक्रवारपेठी (धागाकर्ता)

1956 सालची घटना आहे. पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या लक्ष्मीबाई कर्वे या विधवा बाई, त्याच घरात राहणाऱ्या डॉ. अनंत लागू याच्याबरोबर रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाल्या. पहाटे बोरीबंदरला गाडी लागली तेव्हा त्या बेशुद्ध होत्या. डॉक्टरने त्यांना जी. टी. हॉस्पिटलात नेलं आणि नाव भलतंच सांगितलं. दुपारच्या आत त्या गेल्या. केसपेपरवर शवविच्छेदनाचा शेरा पडलेला होता. तो खोडला गेला आणि कारण लिहिलं गेलं ‘डायबेटिक कोमा’. प्रेत बेवारस ठरलं. शवविच्छेदन झालं ते दहा दिवसांनी. विष सापडलं नाही. खोट्या सह्या, हडपलेली मिळकत, बाई जिवंत असल्याची बनावट पत्रं अशा परिस्थितिजन्य पुराव्यावर डिसेंबर 1959 मध्ये सुप्रीम कोर्टाने लागूची फाशी कायम केली, तीही दोन विरुद्ध एक मतांनी. तो शेरा खोडला नसता तर न्यायाधीशांना अंदाजाच्या इतक्या पायऱ्या चढाव्या लागल्या नसत्या.

माझं म्हणणं असं. साठीच्या आतला, कुठलाही गंभीर आजार माहीत नसलेला माणूस घरी मृत सापडला तर कुठल्याही डॉक्टरला दाखला देता येऊ नये. शवविच्छेदन सक्तीचं असावं. नातेवाइकांना विचारून नाही आणि पोलिसांच्या मर्जीवरही नाही.

खून क्वचितच निघेल, मान्य. पण थंडीतल्या बाथरूमचा विचार करा. गॅस गीझर चालू, गार वारा नको म्हणून खिडकीच्या काचपट्ट्यांना आतून पुठ्ठा लावलेला, बादली भरून वाहतेय आणि दाराला आतून कडी. तिशीतला मुलगा आत पडलेला. घरचे म्हणतात फिट आली असेल, कुणी म्हणतं अटॅक. दाखल्यावर अटॅक लागला की तो गीझर भिंतीवर तसाच राहतो आणि पुढचा भाडेकरू त्याच बाथरूममध्ये आंघोळीला जातो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. मरणारा ओरडतही नाही.

वैशाली_कोथरूड

मी फॅमिली डॉक्टर आहे आणि माझा स्पष्ट विरोध आहे.

पहाटे फोन येतो. मी गेल्यावर आधी काय करते ते सांगते, कारण लोकांना वाटतं आम्ही दारातूनच सही करतो. अंगावरची चादर काढायला लावते. पापण्या उलटून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर रक्ताचे बारीक ठिपके आहेत का बघते, मानेवर वळ, ओठांच्या आतून जखम. मग कुशीवर वळवायला सांगते, कारण रक्त साकळून पाठीला आलेला रंग आणि घरच्यांनी सांगितलेली वेळ व स्थिती जुळायला हवी. उशाशी कुठल्या गोळ्या आहेत तेही बघते. हे सगळं मुलगी रडत असताना, तिच्यासमोर. शंका आली तर दाखला देत नाही, पोलिसांना कळवा म्हणते, आणि त्यावरून शिव्याही खाते.

पण 58 वर्षांचा माणूस, वीस वर्षांची बिडी, रात्री छातीत कळ आली म्हणून बायकोने सोडा दिला आणि पहाटे गेला. निदान झालेलं नाही, म्हणजे तुमच्या नियमात बसतो. त्याला कापून मी काय नवीन शिकणार? त्या बाईला ससूनच्या शवागाराबाहेर दिवसभर बसवायचं, गावाहून आलेली माणसं ताटकळत, पोलीस चौकीत जबाब. ज्याने काही केलेलं नाही त्या घरावर संशयाचा शिक्का बसतो. सक्ती आली की लोक आणखी एक गोष्ट करतील: ‘जुना बीपीचा पेशंट होता’ असं लिहून देणारा डॉक्टर शोधतील. तो प्रत्येक उपनगरात मिळतो.

ठाणे_अंमलदार_निवृत्त

डॉक्टरबाई, त्या शेवटच्या वाक्यासाठीच सक्ती पाहिजे.

कायदा आज काय म्हणतो ते आधी मांडतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 194, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 174. अकस्मात मृत्यूची खबर आली की ठाण्यात ए.डी. म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद दाखल करायची, कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवायचं, जागेवर जाऊन दोन पंचांसमक्ष इन्क्वेस्ट म्हणजे प्रेताचा पंचनामा करायचा. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत विवाहितेने आत्महत्या केली किंवा तिच्या मृत्यूबद्दल संशय असला तर प्रेत पाठवावंच लागतं. बाकीच्यांचं काय? कारणाबद्दल शंका असेल तर. ती शंका कुणाची? जागेवर उभ्या असलेल्या अंमलदाराची.

आता त्याच्या जागी उभे राहा. नगरसेवकाचा फोन येतो, साहेब, घरचे भले लोक आहेत, पीएम (शवविच्छेदन) कशाला. वरिष्ठांचा येतो, तक्रार नाही ना कुणाची, मग मोकळं करा. पंच म्हणून धरलेले शेजारी घड्याळ बघतायत. मी ‘शंका आहे’ म्हटलं तर मी त्या कुटुंबाचा वैरी होतो. नियमानेच पाठवायचं ठरलं तर कुणाला फोन करण्यात अर्थ राहत नाही. त्यात हवालदाराचंही रक्षण आहे आणि मेलेल्याचंही.

सलीम_कोंढवा

मेलेल्याचं रक्षण मला मान्य आहे, पण माणसाला वेळेत मातीही मिळाली पाहिजे. आमच्यात दफन लवकरात लवकर करतात. माझे चाचा संध्याकाळी गेले, कागदपत्रं होईपर्यंत अंधार पडला आणि ‘आता सकाळी’ असं उत्तर मिळालं. अम्मी रात्रभर रिकाम्या घरात बसून होती.

नोव्हेंबर 2021 पासून केंद्राने सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाला मुभा दिली आहे, पण पुरेसा उजेड आणि सोय असलेल्या रुग्णालयातच. खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेलं प्रेत किंवा घातपाताचा संशय असेल तर कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असल्याशिवाय रात्री करत नाहीत. म्हणजे शुक्रवारपेठी ज्यांच्याबद्दल बोलतायत, त्या साध्या अचानक मृत्यूंचं रात्री होऊ शकतं. सक्ती करायची तर त्याच हुकुमात लिहा की प्रेत आल्यापासून इतक्या तासांत घरच्यांच्या ताब्यात मिळेल. नाहीतर बोजा आमच्यावर आणि पुण्य सरकारचं.

अनुराधा_वडगाव

माझा भाऊ 34 वर्षांचा होता. सिंहगडावर धावत जाणारा. रात्री झोपला तो उठलाच नाही. बाबांना शवविच्छेदन नको होतं, पोलिसांनी पाठवलं. तेव्हा मला त्यांचा राग आला होता.

अहवालात हृदयाचं वजन लिहिलेलं होतं आणि डाव्या कप्प्याची भिंत जाड झाल्याचं. आम्हाला तो कागद बऱ्याच महिन्यांनी मिळाला, आणि तो देताना कुणीही एक शब्द सांगितला नाही. मी स्वतः हृदयरोगतज्ज्ञाकडे घेऊन गेले तेव्हा कळलं की हा आनुवंशिक आजार असू शकतो, आणि आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. आता माझा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, दरवर्षी होतो. भावाच्या मुलीचाही. ‘हार्ट अटॅक’ लिहून वैकुंठ स्मशानभूमीत नेलं असतं तर ती शाळेच्या शर्यतीत धावत राहिली असती.

वैशालीताई, तुम्ही विचारलंत कापून काय शिकणार. एका मुलीचं आयुष्य.

शवागारातला_डॉक्टर

मी न्यायवैद्यकशास्त्रात काम करतो. मला दोन्ही बाजूंशी भांडायचं आहे.

सक्तीवाल्यांना आधी. तुम्हाला वाटतं प्रेत टेबलावर आलं की कारण बाहेर येतं. माझ्यासमोर येतं ते प्रेत आणि सोबत चार ओळींचा कागद: ‘राहत्या घरी बेशुद्ध अवस्थेत मिळून आला.’ बाथरूममध्ये की पलंगावर? गीझर होता का? तिथे गेलेल्या दुसऱ्या कुणाला चक्कर आली का? काही नाही. कार्बन मोनॉक्साइडमध्ये साकळलेल्या रक्ताचा रंग चेरीसारखा लाल दिसतो हे पुस्तकात आहे, पण सावळ्या कातडीवर, ट्यूबलाइटखाली तो सुटू शकतो. संशय आला तर मी रक्ताची बाटली काठोकाठ भरतो, वर लिक्विड पॅरॅफिनचा थर देतो आणि ‘कार्बॉक्सिहिमोग्लोबिन तपासा’ असं स्पष्ट लिहितो. संशयच आला नाही तर जठर, यकृताचा तुकडा, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग मिठाच्या संपृक्त द्रावणात जातो आणि अहवालावर ‘व्हिसेरा राखून ठेवला’ एवढंच. मग गणेशखिंडच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या सी.ए. (रासायनिक विश्लेषणाच्या) रिपोर्टची वाट. आजच एवढा ताण आहे. प्रेतांची संख्या वाढवून माणसं तेवढीच ठेवलीत तर प्रत्येक प्रेताच्या वाट्याला येणारी माझी मिनिटं कमी होतील. घाईने केलेलं शवविच्छेदन न केलेल्यापेक्षा घातक, कारण त्यावर शिक्का असतो.

शिवाय काही हृदयं उघडल्यावर अगदी निरोगी दिसतात. दोष हृदयाचे ठोके चालवणाऱ्या विद्युत संदेशांत असतो, तो डोळ्याला दिसत नाही. जनुकीय तपासणी लागते.

आता वैशालीताईंना. ‘छातीत कळ आली’ हे महाधमनी फाटल्यावरही होतं. ‘हृदयक्रिया बंद पडून’ हे तर मृत्यूचं कारणच नव्हे, प्रत्येक मेलेल्याचं हृदय बंदच असतं. तुम्ही पापण्या उलटता, चांगलं करता, पण विष पापणीत दिसत नाही.

आणि विश्वासाचं बोलायलाच हवं. मे 2024 च्या कल्याणीनगर अपघातानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. प्रकरण कोर्टात आहे, निकालावर मी बोलणार नाही. पण बाटलीवर सील कुणी लावलं, कुणाच्या हातून कुणाकडे गेली, ही साखळी नातेवाइकांना दिसेल अशी नसेल तर सक्तीच्या अहवालावर कोण भरवसा ठेवणार?

वैशाली_कोथरूड

महाधमनीचा मुद्दा मान्य. तरी मी सक्तीला हो म्हणणार नाही. मला नकार देण्याचं बळ द्या: माझ्या ‘शंका आहे’ या दोन शब्दांवर पोलिसांना प्रेत पाठवणं बंधनकारक करा आणि घरच्यांना दुसऱ्या डॉक्टरकडून दाखला आणता येणार नाही अशी नोंद महापालिकेच्या पोर्टलवर लगेच लागू द्या. मृत्यू नोंदणीच्या कायद्यात 2023 मध्ये दुरुस्ती होऊन रुग्णालयांना कारणाचा दाखला सक्तीचा झालाच आहे. घरच्या मृत्यूंचं तेवढं घट्ट करा.

शुक्रवारपेठी (धागाकर्ता)

ताई, तुमच्यासारखा डॉक्टर असेल तर ते पुरेल. पण इंग्लंडमधला हॅरॉल्ड शिपमन हाही फॅमिली डॉक्टरच होता, पेशंटचा लाडका. दाखले तोच लिहायचा. 2000 साली 15 खुनांसाठी शिक्षा झाली आणि नंतरच्या चौकशीत 215 बळी निश्चित झाले. तिथे सप्टेंबर 2024 पासून कॉरोनरकडे, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, न जाणारा प्रत्येक मृत्यू उपचार न केलेला दुसरा वैद्यकीय परीक्षक तपासतो. आपल्याकडे मुंबईत कॉरोनर होता, तो 1999 मध्ये बंद झाला आणि पुण्याला तर तेवढंही कधी नव्हतं.

शवागारातल्या डॉक्टरांचं ऐकून मागणी बदलतो. पन्नाशीच्या आतल्यांना पूर्ण शवविच्छेदन, रक्ताच्या तपासणीसह. पन्नास ते साठमध्ये बाहेरून तपासणी, फोटो आणि रक्त, पुढचं न्यायवैद्यक डॉक्टर ठरवेल, पोलीस नाही. पंचनाम्याच्या नमुन्यात गीझर, शेगडी, बंद खिडकी, औषधांची पाकिटं यांचे रकाने छापील असावेत.

ठाणे_अंमलदार_निवृत्त

रकाने उद्याही छापता येतील, त्याला विधानसभा लागत नाही. वयाच्या अटीला मात्र माझा विरोध राहील. सदाशिव पेठेतली एकटी राहणारी, नावावर वाडा असलेली 72 वर्षांची बाई तुमच्या दोन्ही गटांतून सुटते. लक्ष्मीबाईंचं नाव घेऊन धागा काढलात, तर मिळकतवाली एकटी म्हातारी माणसं आधी घाला.

शुक्रवारपेठी (धागाकर्ता)

घातली. पण ‘एकटी’ कोण ठरवणार यावर वैशालीताई पुन्हा भांडणार, आणि त्यांचं ऐकून घ्यायचंय.