मुलांना पोहायला नेमकं कधी घालावं? अनुभव सांगा

लेक साडेतीन वर्षांची आहे. सोसायटीत टँक आहे, एप्रिलपासून बॅचेस सुरू होतायत आणि ग्रुपवर 'वय वर्षे 3 च्या पुढे' असा मेसेज आलाय, तेव्हापासून घरात दोन पार्ट्या पडल्यात. नवरा म्हणतो घाल, लहानपणी भीती कमी असते. साबा (सासूबाई) म्हणतात एवढुशा पोरीला पाण्यात कशाला, कान फुटेल, सर्दी धरेल, शाळेत जायला लागली की बघू. मला स्वतःला पोहता येत नाही त्यामुळे माझ्या मताला कोणी विचारत नाही. नेटवर बघावं तर कुठे सहा महिने लिहिलंय आणि कुठे सहा वर्षं! म्हणून धागा काढला. तुमच्या मुलांना कधी घातलं, काय झालं, तुम्ही स्वतः कसे शिकलात, सगळं लिहा. नुसता सल्ला नको, सोबत अनुभव हवा.

ठाणेकरीण
आमच्या मुलाला तीन पूर्ण झाल्या झाल्या समर बॅचला घातलं होतं. कुठे ते लिहीत नाही. एक सर आणि पोरं ही एवढी! हा आपला पहिल्या पायरीवर उभा, ओठ निळे, दात वाजतायत, नंबर येईपर्यंत अर्धी बॅच संपलेली. नंबर आला की सर धरून सरळ पाण्याखाली घालायचे, म्हणे अशानेच भीती मोडते. भीती मोडली नाहीच, उलट घरी डोक्यावरून तांब्या घ्यायचं बंद झालं, केस धुवायचे म्हणजे रविवारी शेजाऱ्यांना कळायचं. फी बुडाली ती बुडाली. मग दोनेक वर्षं विषयच काढला नाही. पाच-साडेपाचला दुसरीकडे घातलं, छोटी बॅच, पाणी जरा कोमट, आणि मुख्य म्हणजे मॅडम स्वतः पाण्यात उतरायच्या, काठावरून शिट्टी वाजवणाऱ्या नव्हत्या. महिन्याभरात पठ्ठ्या पाठीवर तरंगायला लागला. आता त्याला बाहेर काढायला ओरडावं लागतं. माझं मत विचाराल तर वय नंतर, आधी बॅच बघून या. एक दिवस नुसतं जाऊन बसा काठावर आणि रडणाऱ्या पोराशी सर कसे वागतात तेवढंच बघा.

रानातला
आमच्यात पोहायला 'घालत' नव्हते, ढकलत होते 😄 सांगली जिल्ह्यातलं गाव, घरची विहीर. चुलत्याने पाठीला डबा बांधला, गोडेतेलाचा पत्र्याचा पाच लिटरचा, झाकण डांबराने बंद केलेलं, आणि दोरीने छातीला आवळायचा. त्या दोरीचे वळ उठायचे काखेत. कुणाकडे वाळका भोपळा असायचा, कुणाकडे पांगऱ्याचं लाकूड, ते एकदम हलकं असतं. चुलता बेरकी, रोज त्या डब्यात थोडं थोडं पाणी घालून बांधायचा आणि मला पत्ताच नाही. एक दिवस म्हणाला, अरे डबा निम्म्याच्या वर भरलाय, तू तुझाच पोहतोयस की! त्याच उन्हाळ्यात वरच्या थारोळ्यावरून, म्हणजे मोटेचं पाणी पडायच्या काठावरच्या जागेवरून, मुटके (अंग आखडून उड्या) मारत होतो.

पण माझ्या पोरांना मी विहिरीत शिकवलं नाही, कोल्हापुरात टँकवर घातलं, एकाला सहाव्या वर्षी आणि एकीला पाचव्या. लोक म्हणतात गावाकडचा असून तू असं करतोस. आमच्या वेळी विहिरीवर कायम कोणीतरी असायचं, धुणं घेऊन आलेल्या बायका, मोटर चालू करायला आलेला कोणी. आता दुपारी रानात चिटपाखरू नसतं, पाणी खोल गेलंय, पायऱ्या ढासळल्यात, खाली गाळ आणि मोटरच्या केबली. दर मे महिन्यात पेपरात तीच बातमी, सुट्टीला मामाकडे आलेला मुलगा. तेव्हा मुलं सुट्टीत गावी जात असतील तर त्याच्या आधी शिकवा, आणि शिकली तरी विहिरीवर एकटं सोडू नका.
जाता जाता, जलतरणपटू वीरधवल खाडे आमच्या कोल्हापूरचा, 2008 ला बीजिंग ऑलिंपिकला गेला तेव्हा सतराही पूर्ण नव्हता, त्यामुळे इथे टँकवर बसलेल्या प्रत्येक बापाच्या खिशात स्टॉपवॉच असतं. त्यांच्या शेजारी बसू नका.

बालरोगवाली
कानाचं आधी सांगते कारण ओपीडीत रोज हेच ऐकते. लहान मुलांचा कान सर्दीनंतर दुखतो तो मधला कान, पडदा शाबूत असेल तर टँकचं पाणी तिथवर जातच नाही. पोहून होतं ते बाहेरच्या नळीचं इन्फेक्शन, ओल राहिली की होतं. डोकं एकेका बाजूला कलतं करा, टॉवेलच्या टोकाने बाहेरून पुसा, बड घालू नका. पडद्याला भोक असेल, कानात ट्यूब घातली असेल किंवा फिट्सचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारायचंच.

वयाबद्दल: अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स (तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना) पूर्वी चार वर्षांच्या आत नको म्हणायची, 2010 मध्ये ते सैल केलं, आणि 2019 च्या सूचनांमध्ये म्हटलंय की वर्षाच्या पुढे बऱ्याच मुलांना फायदा होऊ शकतो, चारच्या सुमारास बहुतेक मुलं शिकायला तयार असतात. वर्षाच्या आतल्या बाळाला क्लास लावून बुडण्याचा धोका कमी होतो याला पुरावा नाही, ती मजा म्हणून करा, कोमट पाण्यात आणि थोडाच वेळ, कारण बाळं फार पटकन गार पडतात.
माझ्या मुलीला मी चारला घातलं. त्याआधी घरात एकच नियम होता, बादली भरून ठेवायची नाही. दीड वर्षाचं पोर बादलीत डोकावताना तोल जाऊन डोक्यावर पडलं तर स्वतःहून वर येऊ शकत नाही, आणि आवाजही होत नाही. टँकची एवढी चर्चा करतो आपण आणि बाथरूमचं दार सताड उघडं.

मराठवाडी
सगळं वाचतोय. आमच्याकडे मे महिन्यात प्यायचं पाणी टँकरने येतं, टँक कुठला. पोरगी पुण्याला आत्याकडे सुट्टीला जाते तिथे नवव्या वर्षी शिकली. उशीर वगैरे काही झाला नाही, दहा वर्षांच्या आतेभावाला मागे टाकते.

नेदरलँड्सहून
इथे हा प्रश्नच कोणाला पडत नाही, चार-पाच वर्षांचं झालं की मूल पोहायला जातं म्हणजे जातंच. सगळीकडे कालवे, घरामागे पाणी, म्हणून. तीन डिप्लोमा असतात, ए, बी आणि सी. गंमत म्हणजे परीक्षेचा एक भाग कपडे घालून असतो! पहिल्यांदा मुलाच्या पिशवीत टीशर्ट, पँट आणि बूट भरायला सांगितले तेव्हा मला वाटलं आपलं डच चुकलं. सी ला तर वरून जॅकेटही. पाण्यात उभं कापड लावतात त्याला भोक असतं, पाण्याखालून जाऊन त्या भोकातून पार व्हायचं, ए ला 3 मीटर, सी ला 9. कारण माणूस कालव्यात पडतो तेव्हा कॉश्च्युम घालून पडत नाही. ओल्या जीन्सने पाय उचलत नाहीत हे त्या पोरांना सहाव्या वर्षीच कळतं. आमच्या भागात वेटिंग लिस्ट मोठी होती, नाव आधीच टाकून ठेवलेलं म्हणून बरं. भारतात सुट्टीवर आलो की आजोबा म्हणतात याला फ्रीस्टाईल नीट येत नाही. नसेल येत, बुटांसकट काठ गाठतो.

पणजीकर
टँक आणि समुद्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढंच लिहायला आलो. माझी मुलगी टँकमध्ये लांबी मारायची, चांगली बऱ्यापैकी, आणि किनाऱ्यावर कमरेएवढ्या पाण्यात पायाखालची वाळू सरकायला लागली तशी तिथल्या तिथे थिजली. मी हाताच्या अंतरावर होतो म्हणून. आत खेचणाऱ्या पाण्याची ओढ लागली तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही, आडवं पोहत ओढीच्या बाहेर निघायचं, हे मुलांना कोरड्यावर शिकवा. लाल बावटा असेल तर पाय ओले करायचे नाहीत, आणि पावसाळ्यात तर विषयच सोडा. घाटावरून येणारी मंडळी जूनमध्ये पाऊस बघायला येतात आणि थेट पाण्यात शिरतात, जीवरक्षकांच्या शिट्ट्या ऐकून आमचे कान किटतात.

शिट्टीवाल्या मॅडम
वर ठाणेकरीणने शिट्टीवाल्यांना टोमणा मारलाय म्हणून हे नाव घेतलं 😀 बरीच वर्षं मुलांना शिकवते. पालक विचारतात किती दिवसात येईल, मी विचारते पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढतो का? 'थांब' म्हटलं की थांबतो का? शू आली सांगतो का? हे तीन जमत असेल तर वय साडेतीन असो नाहीतर सहा, घेते. नाही जमत तर महिनाभर घरीच टबात बुडबुडे करा, फुकट आहे.
दंडाच्या त्या फुगवायच्या फ्लोट्सवर माझा राग आहे. त्याने मूल उभं राहतं पाण्यात, सायकल मारल्यासारखे पाय हलवतं, आणि पोहायला तर आडवं व्हावं लागतं. वर मुलाला वाटतं आपल्याला येतं. एक दिवस फ्लोट्स न घालताच उडी मारतं. मी आधी पाठीवर तरंगणं शिकवते, मग उडी मारून वळून काठ धरणं, आणि मगच किकिंग बोर्ड (हातात धरून पाय मारायची फळी). आईबाबांना मोबाईलवर व्हिडिओ काढायला फ्रीस्टाईल हवी असते, ती येते की नंतर.

उशिरा_भिजलेली
धागाकर्तीसाठी खास. मलाही पोहता येत नव्हतं, मुलगा पाच वर्षांचा झाला तेव्हा त्याच टँकवर लेडीज बॅचला नाव घातलं. कॉश्च्युम घालून चेंजिंग रूममधून बाहेर यायलाच जास्त धैर्य लागलं. पहिल्या आठवड्यात नाकातोंडात पाणी जाऊन अशी काही खोकले की आजूबाजूच्या काकू पाठ थोपटायला आल्या. मुलगा माझ्या आधी शिकला आणि मला काठावरून सूचना द्यायचा, "आई, पोट वर, पोट वर!" सगळ्या टँकला ऐकू जाईल अशा आवाजात.

धागाकर्ती
केवढं लिहिलंत सगळ्यांनी! बुडबुडे येतात तिला, 'थांब' म्हटलं की मात्र पळते. त्यामुळे या एप्रिलला तिचं नाव देत नाहीये, नुसतं उथळ पाण्यात बाबाबरोबर खेळू दे, माझं मात्र लेडीज बॅचला विचारून आले. साबांना कानाचा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला, त्या म्हणाल्या डॉक्टरांना काय जातंय सांगायला. आता एक शंका, केस कमरेपर्यंत आहेत माझे, त्या कॅपमध्ये मावतात का?

उशिरा_भिजलेली
मावतात. आधी साध्या पाण्याने केस ओले कर, घट्ट अंबाडा घाल, मग सिलिकॉनची कॅप, कापडी घेऊ नकोस. कोरड्या केसांवर चढवायला गेलीस तर निम्मे हातात येतील.