मदत हवी आहे: शनिवार-रविवार फुल्ल, बाकी आठवडा खोल्या रिकाम्या

रिकामी_खोली
नमस्कार मंडळी. नाशिकजवळ आमच्या राहायला द्यायच्या पाच खोल्या आहेत, शेजारी द्राक्षबाग. कोविडच्या आधी बरं चाललं होतं. लॉकडाऊनमध्ये कर्जाचे हप्ते थांबवायची सवलत (मोरेटोरियम) घेतली, त्या काळाचं व्याज मुद्दलात चढलं, ते अजून फेडतोय. आता शनिवार-रविवारी मुंबईचे लोक येतात, पण त्यांच्या गाड्या गेल्या की शुक्रवार संध्याकाळपर्यंत कुणी फिरकत नाही. ॲपवर दर पाडून बघितले; कमिशन जाऊन चादरी धुण्याचाही खर्च निघेना. योजना, मार्केटिंग, काहीही सुचवा, पण लवकर. हप्त्याची तारीख तोंडावर आलीय. रील टाका असं कृपया सांगू नका, टाकून झालीत.

गोदाकाठ
जागा नेमकी कुठे? दिंडोरी, त्र्यंबक रोड की इगतपुरी? जेवण देता का? नोंदणी कशाखाली आहे, कुणाच्या नावावर?

पर्वणी२७
भाऊ, काळजी सोडा. ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण, २०२७ ला पर्वण्या, म्हणजे मुख्य स्नानं. आत्ताच पाचाच्या दहा खोल्या करा. लोक अंगणात झोपायचे पैसे देतील.

द्राक्षवेल
सिंहस्थ बारा वर्षांनी, हप्ता दर महिन्याला. शिवाय पर्वणीला गाड्या बाहेरच अडवतात. २०१५ ला बॅरिकेडिंगवरून किती ओरड झाली होती ते विसरलात वाटतं.

पर्वणी२७
तुमच्यासारख्यांमुळेच नाशिक मागे आहे.

नाशिककर_ठाण्यात
सरकारी हमीचं ते इमर्जन्सी क्रेडिट लाइनचं कर्ज घ्या. माझ्या मेव्हण्याला तारण न देता मिळालं.

द्राक्षवेल
ती योजना ३१ मार्च २०२३ ला बंद झाली. आणि आधीच्या कर्जाने मान मोडलीय, त्यावर अजून एक?

रिकामी_खोली
गिरणारेच्या पुढे. जेवण घरचंच, मीच करते. आणि भाऊ नाही हो, ताई.

शमीपत्र
मग त्र्यंबक हाताशी आहे की! कालसर्प, त्रिपिंडी, नारायण नागबळी या पूजांचे मुहूर्त वार बघून येत नाहीत. मंगळवार-बुधवारीसुद्धा परराज्यातली कुटुंबं उतरतात. दोन-चार गुरुजींकडे नंबर देऊन ठेवा. आमच्या आत्याचं लॉज त्यावरच चालतं.

द्राक्षवेल
नागबळी तीन दिवसांचा, ती माणसं त्र्यंबक सोडत नाहीत. कालसर्पवाले आदल्या रात्री येतील, पण त्यांना कांदा-लसूण चालत नाही आणि शेजारच्या खोलीत वाइनची बाटली तर त्याहून नाही. सोमवार ते गुरुवार ते, शुक्रवारपासून मुंबईचे वाइनवाले, अशी सरळ वाटणी केलीत तरच जमेल.
मात्र सगळी मदार देवळावर ठेवू नका. मार्च २०२० ला बंद झालेली देवळं १६ नोव्हेंबरला पाडव्याला उघडली, २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद, ती थेट ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला उघडली. हारवाल्यापासून लॉजवाल्यापर्यंत सगळं त्र्यंबक बसून होतं. आमचाही माल त्या एप्रिलमध्ये व्यापाऱ्याने उचलला नाही, पण बेदाणा तरी करता आला. खोलीचा बेदाणा होत नाही.

पाणकोंबडी
नांदूरमध्यमेश्वर कसं विसरलात? राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, २०२० ला जाहीर झालेलं. थंडीत पक्षी बघायला लोक मधल्या वारीही येतात.

गोदाकाठ
ते निफाडला. गिरणारेहून अख्खं नाशिक ओलांडून पहाटे कोण जाणार?

पाणकोंबडी
पक्षी बघणारे पहाटे चारलाच उठतात. तुमचा अनुभव नाही म्हणून बोलताय.

तर्रीबाज
अवांतर: गिरणारे रोडला चुलीवरची मिसळ कुठे चांगली? रविवारी सहकुटुंब येतोय.

रिकामी_खोली
रविवारचं मला नका सांगू. बुधवारी या, मिसळ मी करते.

गोदाकाठ
वाद वाढून धाग्याचा काश्मीर व्हायच्या आत: शाळेच्या सहली! त्या सोमवार ते शुक्रवारच निघतात, जानेवारीत घड पिकत असतात. खोल्या लागतच नाहीत. सावली, जेवण आणि स्वच्छ संडास एवढं पुरतं. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी करा, सहलींसाठी किमान किती शेती लागते ते आधी विचारून घ्या. शाळा कागद मागतात.
दुसरं, ताई म्हणालात म्हणून. पर्यटन संचालनालयाची 'आई' योजना बघा, २०२३ ची. १५ लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज, १२ टक्क्यांपर्यंत, संचालनालय परत करतं. एकूण साडेचार लाखांची मर्यादा. व्यवसाय बाईच्या मालकीचा हवा, निम्म्या कामगार बायका हव्यात, हप्ते वेळेवर हवेत. आधी नोंदणी, मग कर्ज.

द्राक्षवेल
सहलीची कल्पना बरी आहे, पण पोरांना एक्सपोर्टच्या प्लॉटमध्ये सोडू नका. फवारणीनंतर ठरावीक दिवस घड तोडायचा नसतो आणि हे शंभर पोरांना सांगून कळत नाही. घराजवळच्या दोन ओळी फवारणीतून आधीच वगळा, त्याच तोडू द्या.

रिकामी_खोली
सातबारा सासऱ्यांच्या नावावर, वीजबिल ह्यांच्या नावावर, हिशेब माझ्याकडे. नोंदणी कशाचीच नाही. भांड्याला आणि झाडलोटीला दोघी आहेत. चालेल का?

गोदाकाठ
हेच पहिल्या प्रतिसादात विचारलं होतं हो! व्यवसाय आधी तुमच्या नावावर आणा. जागेसाठी सासऱ्यांचं संमतीपत्र की भाडेकरार ते संचालनालयाच्या नाशिक कार्यालयात विचारा, आणि लिहूनच घ्या.

रिकामी_खोली
भाडेकरार म्हटल्यावर सासरे उठून बाहेर गेले. आणि दोन ओळी फवारायच्या नाहीत हे त्यांना कोण सांगणार? त्यासाठी वेगळा धागा काढू का?