प्रॅक्टिकल बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी एकदा बोकडाचं हृदय हातात घ्यावं

खाडीपलीकडचा:
काल इथे कुणीतरी लिहिलंय की बीएस्सीच्या पोरांना मानवी शरीराची प्रॅक्टिकलं म्हणजे टाइमपास. मोबाइलवर थ्रीडी हृदय फिरवून दिसतं, लॅबचा खर्च वाचवा, पोरांना चारची एसटी मिळू दे. वाचून डोकं फिरलं.

हृदयाच्या डाव्या जवनिकेची (खालच्या कप्प्याची) भिंत उजवीच्या जवळपास तिप्पट जाड, हे पोरगं वाचतं, पेपरात लिहितं, विसरतं. मी मटणवाल्याकडून बोकडाचं हृदय आणवतो. कापायच्या आधी महाधमनीत पाणी ओतायला लावतो. आतल्या तीन पाकळ्या मिटतात, पाणी वरच अडतं. मग चिरून दोन्ही भिंती चिमटीत धरायच्या. एकीला रक्त अख्ख्या अंगात ढकलायचंय, दुसरीला शेजारच्या फुप्फुसापर्यंतच, हे बोटांना कळतं. काचेवरून बोट फिरवून कळत नाही.

कातळशिल्प:
ते "कुणीतरी" मीच. नाव घ्यायला लाज वाटली का?
सर, तुमचं कॉलेज स्वर्गात असेल. आमच्याकडे मायक्रोस्कोपच्या भिंगाला पावसाळ्यात बुरशी. हिमोग्लोबिन मोजायच्या साहलीच्या नळीत रक्त आणि ॲसिड घालून दहा मिनिटं थांबायचं, मग पाणी थेंब थेंब घालत तपकिरी रंग जुळवायचा. जुलैत बाहेर काळोख, आत लाइट गेलेली. रंग कसला जुळवताय! अख्ख्या वर्गाचं हिमोग्लोबिन 13. जर्नल सीनियरचं बघून उतरवलेलं, वर सरांची सही. हे शिक्षण?
आणि युजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2014 मध्ये विच्छेदन बंद केलंय, तेही जरा वाचा.

खाडीपलीकडचा:
बंदी कॉलेजात प्राणी आणून चिरण्यावर आहे. बेडकांची कत्तल थांबली ते उत्तमच झालं. पण दुकानात टांगलेला बोकड माझ्या प्रॅक्टिकलसाठी मेलेला नाही.

बांगडाफ्राय:
बोकड कशाक होयो? बंदरार जावा, बांगडो घेवा. कल्ले उघडा, काळीज बघा, प्रॅक्टिकल झाला की कढीत.

खाडीपलीकडचा:
माशाच्या हृदयाला एक अलिंद (वरचा कप्पा), एक जवनिका. माणसाच्या चार कप्प्यांचं काय शिकवू त्यावर? कढीच करा तुम्ही.

संगमेश्वरी:
तुमची गंमत चाललीय. आमच्या मुलीला ते हृदय हातात धरायला लावलं. घरी आली, डोक्यावरून आंघोळ केली, रात्री जेवली नाही. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. सक्ती कशाला?

बांगडाफ्राय:
मग प्राणिशास्त्र घेतल्यान कित्याक? वाणिज्य होता मा!

संगमेश्वरी:
तोंड सांभाळून बोला. कुणी काय शिकावं ते तुम्ही ठरवणार?

खाडीपलीकडचा:
ताई, ज्याला नको त्याने बाजूला उभं राहून आकृती काढावी. माझ्याकडे सक्ती नाही. (तरी तासाअखेर बहुतेक जण हात घालतात, हे सांगतोच.)

ट्यूबवाला, चिपळूण:
हृदय राहू दे. सरांच्या लाडक्या रक्तगटाच्या प्रॅक्टिकलवर बोलू. अँटी-ए, अँटी-बी, अँटी-डीचे थेंब टाकायचे, गुठळी झाली का बघायचं, आणि पोरं तोच गट गाडीच्या लायसन्सवर टाकून मोकळी. बॉम्बे ग्रुपचा माणूस या स्लाइडवर सरळ ओ दिसतो. 1952 साली मुंबईतच भेंडे डॉक्टरांनी नोंदवलाय हा गट. त्याच्या पेशींवर एच प्रतिजनच (ओच्या पेशींवरही असते ती खूण) नाही, म्हणून ओचं रक्तही त्याला चालत नाही. त्याचं सिरम (रक्तातला पेशींशिवायचा पातळ भाग) ओच्या पेशींशी लावलं की गुठळी होते, तेव्हा उलगडतं. हे कुठल्या जर्नलमध्ये लिहून घेता?

खाडीपलीकडचा:
भारतात दहा हजारांत एखादा सापडतो. त्याच्यासाठी प्रॅक्टिकल बंद करू?

ट्यूबवाला, चिपळूण:
बंद कुठे म्हणालो? उलट म्हणतोय, स्लाइडवर थांबू नका, पुढचंही शिकवा. आमच्या वेळी कॉलेजात एकच सुई स्पिरिटने पुसून अख्ख्या बॅचच्या बोटांत टोचली होती. पुढे कावीळ बी शिकलो तेव्हा घाम फुटला. आजही कुठे कुठे तेच चालतं, माझ्याकडे तपासायला येणारी पोरंच सांगतात.

कातळशिल्प:
ऐका! हेच मी काल लिहिलं तर "आधुनिकतेचं खूळ".

खाडीपलीकडचा:
तुम्ही सुई नाही, लॅबच फेकून द्या लिहिलं होतंत. माझ्याकडे प्रत्येकाला नवी लॅन्सेट असते. खरेदीची मंजुरी अडकली की खिशातून.

कातळशिल्प:
बरं बाबा. तुमच्या लॅबला नमस्कार. बुरशीवाल्या कॉलेजातल्या पोरांनी काय करायचं ते सांगा, तिथे खिशातून खर्च करणारे सर नाहीत.

खाडीपलीकडचा:
थुंकीत स्टार्च घाला, मिनिटामिनिटाने एक थेंब काढून आयोडीन टाका. थुंकीने स्टार्च पचत जातं तसा निळा रंग हळूहळू यायचा थांबतो. त्याला ना मायक्रोस्कोप लागत, ना लाइट.

संगमेश्वरी:
हे चालेल. आमची करेल.

बांगडाफ्राय:
थुंकी चलता, बांगडो नाय. धन्य!

ट्यूबवाला, चिपळूण:
सर, लॅन्सेट घाऊक भावात हव्या असतील तर मेसेज करा. फुकट देणार नाही.