जुनी स्पोर्ट्स कार: कमी चाललेली की नीट सांभाळलेली?

पानापक्कड:
कालच्या धाग्यावर एकाने विचारलं होतं की एकाच बजेटमध्ये पोर्शेची ९८६ पिढीची बॉक्स्टर, बीएमडब्ल्यूची ई४६ पिढीची एम३ आणि माझदाची एमएक्स-५ बसतायत, कुठली घेऊ? त्यावर रेडलाइन यांचा सल्ला असा: "सर्व्हिसच्या फायली चाळत बसू नका, सगळ्यात कमी किलोमीटरवाली उचला, बाकी नशीब." वाचून राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

रबर, प्लास्टिक आणि ऑईल सील उभ्या गाडीतही कडक होतात. ब्रेक ऑईल जागच्या जागी ओलावा ओढतं. मित्रासाठी एक एम३ बघायला गेलो होतो. वर्षानुवर्षं कव्हरखाली, रंग चकाचक, मालक सारखा मीटरकडे बोट दाखवतोय. बॉनेट उघडलं तर कूलंटच्या प्लास्टिक टाकीच्या जोडावर वाळलेली निळसर-पांढरी रेघ, म्हणजे गळती. टायरच्या खाचा नव्यासारख्या, पण कडेवरचे आठवडा-वर्षाचे चार आकडे वाचले तर टायर दहा वर्षांच्या पुढचे. व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवल्याची नोंदच नाही. त्या ३.२ लिटरच्या इंजिनात ते शिम (पातळ चकत्या) बदलून करावं लागतं, आपोआप होत नाही. मागचा सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट) बसतो तिथला पत्रा तडकतो हे तर जगजाहीर आहे. लिफ्टवर घेऊया म्हटलं तर उत्तर आलं, "एवढी कमी चाललीय, कशाला?" तिथूनच परत फिरलो.

रेडलाइन:
साफ असहमत. फायलीवर एवढा विश्वास असेल तर माझं ऐका. मी माझदाची आरएक्स-८ (रोटरी इंजिन, पिस्टनऐवजी फिरणारा रोटर) घेतली ती जाडजूड फाईल बघूनच. सगळ्या पावत्या तारखेनुसार लावलेल्या. महिनाभरात गरम इंजिन बंद केलं की परत सुरू व्हायचं नाव नाही. रोटरच्या टोकांवरचे एपेक्स सील संपलेले! ऑईल बदलल्याच्या पावत्या ढीगभर, कॉम्प्रेशनचा (इंजिनात दाब किती बनतो त्याचा) आकडा एकही नाही. कागद कोणीही जमवतो. झीज कमी असेल तर धोका कमी, एवढं साधं आहे.

पानापक्कड:
म्हणजे फाईल नीट वाचायला हवी होती, फेकायला नको. रोटरीचं कॉम्प्रेशन तिच्या खास टेस्टरवर, इंजिन गरम असताना बघतात. तो कागद नाही तर गाडी नाही.

सहासिलिंडर:
तुमचं चालू द्या, पण बॉक्स्टरचं नाव निघालंय आणि आयएमएस बेअरिंगबद्दल (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग) कोणीच बोलत नाही? कमी चाललेली ९८६ घ्या म्हणणं हा सगळ्यात घातक सल्ला आहे. ते बेअरिंग सीलबंद, आतलं ग्रीस काळाने धुऊन जातं. गाडी उभी राहिली की त्यावर ताजं ऑईल उडतच नाही. तुटलं की इंजिनच गेलं.

मोकळंछप्पर:
आलं! बॉक्स्टर म्हटलं की दुसऱ्या मिनिटाला आयएमएस. या भीतीने चांगल्या चांगल्या गाड्या लोकांनी सोडल्या. अमेरिकेत पोर्शेवर झालेल्या कोर्टाच्या दाव्यात जो आकडा पुढे आला तो एकेरी (गोळ्यांची एकच रांग असलेल्या) बेअरिंगसाठी साधारण ८ टक्के आणि आधीच्या दुहेरीसाठी १ टक्क्याच्या आसपास. म्हणजे शंभरातल्या नव्वदाहून जास्त टिकल्या.

सहासिलिंडर:
८ टक्के तुम्हाला कमी वाटतात? बारा गाड्यांमागे एक इंजिन! ज्याचं जातं त्याला विचारा. माझ्या भावाची गाडी सिग्नलवर खडखडली आणि संपली. आधी दिवा नाही, आवाज नाही.

मोकळंछप्पर:
भावाचं वाईट झालं, खरंच. पण एका गाडीवरून सगळ्यांना घाबरवू नका. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरतोच, तेव्हाच बेअरिंग बदलून घ्यायचं, त्याची मजुरी वाचते. ऑईल फिल्टर कापून घड्या उलगडायच्या, धातूचा चुरा दिसतो का बघायचं. आणि २००९ पासूनच्या नव्या इंजिनात ती शाफ्टच नाही.

सहासिलिंडर:
२००६ ते २००८ चं का गाळलंत? मोठं बेअरिंग आलं, पण ते इंजिनचं केसिंग उघडल्याशिवाय बाहेर निघत नाही. अर्धी माहिती देऊन नवख्यांना खड्ड्यात घालू नका.

मोकळंछप्पर:
प्रश्न ९८६ चा होता, ती २००४ लाच संपली! मला खोटं पाडायच्या घाईत धागा तरी वाचा.

पानापक्कड:
दोघंही जरा दमानं. बॉक्स्टर घेणाऱ्याने विचारायचं ते एवढंच की बेअरिंग कधी बदललं आणि पावती कुठे. पुन्हा फाईलच.

रेडलाइन:
बरं, बॉक्स्टरपुरतं मान्य करतो. उभी राहिलेली नको. पण एम३ ला मी अजूनही कमी चाललेलीच घेईन. तिच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंग सुरुवातीच्या वर्षांत कंपनीनेच बोलावून बदलून दिल्या होत्या. जास्त पळालेली घ्यायची हिंमत मला होत नाही.

पानापक्कड:
त्या बदलल्या की नाही हे मीटर सांगतं का? त्या कामाचा कागद मागा, जुन्या ऑईलचा नमुना तपासून घ्या. आणि मूळ प्रश्नकर्त्याला माझं म्हणणं: तिन्हींत एमएक्स-५ च्या दुखण्यांना सगळ्यात कमी खर्च येतो. दाराखालच्या सिलचा गंज मात्र बोटांनी चाचपून बघा, वरून रंग मारलेला असतो. एम३ वरच मन असेल तर खरेदीच्या रकमेचा पाचवा हिस्सा वेगळा ठेवूनच व्यवहार करा.

रेडलाइन:
पाचवा पुरणार नाही. मागचा पत्रा वेल्डिंगने मजबूत करायचा असेल तर चौथा धरा. आणि लिफ्टवर चढवू न देणाऱ्याकडून घेऊ नका, एवढं तुमचं बरोबर आहे.