बर्फात नव्वद मैल गाडी हाकत रॉक शोला जाणं: हौस की बेजबाबदारपणा?

रानजाई:
रॉचेस्टर, मिनेसोटा. माझा इथला अकरावा हिवाळा. गेल्या शनिवारी मिनिॲपोलिसला एका रॉक बँडचा शो होता, तिकीट ऑगस्टमध्येच काढून ठेवलेलं. शुक्रवारी हवामान खात्याने चार इंच बर्फाची 'अ‍ॅडव्हायजरी' लावली. 'वॉर्निंग' हा कडक इशारा नव्हे हं, साधी सूचना, 'अ‍ॅडव्हायजरी'. नवरा म्हणाला, मी येत नाही आणि तूही जाऊ नकोस. पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल: "गाणीच ऐकायची ना, मग घरात बसून ऐक की."

मी गेले. हायवे ५२ चा एरवीचा दीड तास, त्याला तीन तास वीस मिनिटं लागली. शो बघितला, रात्रीच परत आले. तेव्हापासून मंडळाच्या ग्रुपवर माझ्यावर खटला चालू आहे, म्हणून इथे विचारतेय.

माझं म्हणणं एवढंच की इथे बर्फ नोव्हेंबरात येतो तो एप्रिलपर्यंत मुक्काम ठोकतो. पडला की दार लावून बसायचं म्हटलं तर जगायचं कधी? याच रस्त्याने, याच बर्फात ऑफिसला गेलं की 'किती कामसू', आणि गाण्याला गेलं की बेजबाबदार! पुण्यात डिसेंबरात सवाईला शाल, कानटोपी आणि कॉफीचा थर्मास घेऊन कुडकुडत बसायचो, तेव्हा सगळे रसिक होतो.

आणि काय मजा आली म्हणून सांगू. कोट गाडीतच टाकला (आत कोट ठेवायला हीऽ रांग असते) आणि दोन ब्लॉक नुसत्या फ्लॅनेलच्या शर्टात पळत गेले. दार उघडलं तशी चष्म्यावर साय धरली. मिनिटभर काहीच दिसेना, नुसता बेस बरगड्यांत वाजत होता. बाहेर पडले तेव्हा उणे तीन फॅरनहाइट, म्हणजे सेल्सियसमध्ये उणे एकोणीस. घामाने भिजलेली बट गाडीपाशी पोचेपर्यंत काडीसारखी कडक झाली होती.

खडूस काका:
बावीस हिवाळे काढलेत इथे, ट्विन सिटीजमध्ये (मिनिॲपोलिस-सेंट पॉल). जाण्याबद्दल माझी तक्रार नाही, रात्री परत येण्याबद्दल आहे.

दुपारी बर्फ पडत होता तेव्हा वीसेक फॅरनहाइट असणार. तेव्हा मीठ काम करतं. साधं मीठ पंधरा फॅरनहाइटच्या (उणे नऊ सेल्सियस) खाली गेलं की जवळपास निरुपयोगी. तुम्ही परत निघालात तेव्हा उणे तीन फॅरनहाइट. म्हणजे दुपारी वितळलेलं पाणी रात्री काचेसारखं गोठलेलं, वर मीठही चालत नाही. वादळ सरकलं की मागून वायव्येचा वारा सुटतो, हे अकरा हिवाळ्यांत दिसलं नाही? तुमच्या वाटेवर कॅनन फॉल्स ते झुम्ब्रोटा दोन्हीकडे कापणी झालेली उघडी शेतं. आकाश निरभ्र, चांदणं पडलेलं, आणि रस्त्यावर गुडघाभर उंचीचा बर्फ वाहतोय. पांढरा पट्टा कुठे आणि खड्डा कुठे, कळत नाही. वाऱ्याने वाहणारा तो बर्फ अडवायलाच इथलं वाहतूक खातं शेतकऱ्यांना पैसे देऊन मक्याच्या काही ओळी न कापता उभ्या ठेवायला लावतं. उगाच नाही.

'अ‍ॅडव्हायजरी'चे चार इंच मोजलेत, वारा कोण मोजणार?

चिंगी:
रानजाई, +१००. मी नर्स आहे, आम्हाला कसला स्नो डे, बर्फाची सुट्टी? रात्री अकराची पाळी असली की याच काकांनी सांगितलेल्या काचेवरून जाते. तेव्हा कोणी ग्रुपवर खटला भरत नाही, उलट डबा भरून देतात. बाईने स्वतःच्या मजेसाठी गाडी काढली हेच खरं दुखणं आहे. नवरा गेला असता तर 'काय हौशी माणूस' म्हणाले असते. लिहून ठेवा.

बफलोकर:
चिंगी, तुमचा दुसरा मुद्दा मान्य, पहिला नाही.

डिसेंबर २०२२. नाताळच्या आदल्या शुक्रवारी आमच्याकडे, न्यूयॉर्क राज्यातल्या बफलोत, सकाळी साडेनऊला गाड्या चालवायला बंदी लागू झाली, तोवर बरेच जण कामाला निघून गेले होते. पुढे विमानतळावर ३७ तास सलग हिमवादळ मोजलं गेलं. काउंटीत चाळीसहून जास्त माणसं गेली, त्यांतली काही गाडीत सापडली. आणि जे त्यांना काढायला निघाले, त्यांच्याही गाड्या रुतल्या. अ‍ॅम्ब्युलन्स, अग्निशमन, सगळं.

म्हणून मी 'मजा की काम' असा हिशेब करतच नाही. तुम्ही खड्ड्यात गेलात तर कोणीतरी टो ट्रक घेऊन मध्यरात्री त्याच रस्त्यावर उतरणार. त्याला शोचं तिकीट नव्हतं.

एक मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवा. अडकलात तर इंजिन चालू करण्याआधी खाली उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. बर्फाने बुजलं की कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि माणूस झोपेतच जातो.

ढोलकी:
मी हौशी बँडमध्ये ड्रम वाजवतो, तेव्हा माझी बाजू उघड आहे: लोकांनी यावं. रानजाईंचा शो मोठा असेल, पण आमच्यासारख्यांना दारावर जमलेल्या पैशातून वाटा मिळतो. बर्फ पडला की प्रेक्षक निम्मे. आम्ही मात्र फार्गोहून व्हॅन आणि मागे ट्रेलर घेऊन आलेलो असतो. गिटारवाला तर केस आत आणून तासभर उघडतच नाही. थंडगार लाकूड एकदम गरम हवेत आणलं की पॉलिशला कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा जातात. तोवर आम्ही हीटरपाशी बोटं शेकत उभे.

आणि मिनिॲपोलिस हे शहर बर्फ पडला म्हणून बंद होणारं नाहीच. डाउनटाउनमध्ये काचेचे स्कायवे (इमारतींना जोडणारे बंद पूल) आहेत, मैलोन् मैल, रस्त्यावर पाऊल न टाकता फिरता येतं. फर्स्ट अ‍ॅव्हेन्यू हा इथला नावाजलेला क्लब, प्रिन्स या गायकाने गाजवलेला, तो तर मुळात बस डेपो होता. १९७० पासून तिथे गाणं चालू आहे, कितीतरी हिवाळे गेले.

कोटाबद्दल मात्र चूक. कोट गाडीत टाकून पळणं हा इथल्या विशीतल्या पोरांचा माज आहे. गाडी चालू झाली नाही तर? किल्ली हरवली तर? भिजलेल्या शर्टात उणे एकोणीसमध्ये दहा मिनिटं उभं राहून बघा.

माजी फौजी:
कारगिलजवळ द्रासला दोन हिवाळे काढलेत. टायरला साखळ्या बांधायच्या, बोटं बधिर. पहाटे इंजिन चालू होईपर्यंत प्राण कंठाशी. तंबूत बुखारी पेटलेली असायची म्हणून निभावलं. आम्ही गाडी काढायचो कारण हुकूम असायचा. तुम्हाला कोणी हुकूम केला नव्हता, तरी गेलात. मला गंमत वाटली, राग नाही आला. पण पोचल्याचं घरी कळवलंत का?

रानजाई:
फौजीकाका, पोचल्यावर मेसेज केला होता. निघताना नाही केला, नवरा झोपला असेल म्हणून. (झोपला नव्हता. पावणेतीनला दार उघडलं तर जिन्यावर बसलेला.)

खडूस काका, आता खरं सांगते. घरी हे बोललेले नाही. पाइन आयलंडच्या अलीकडे एका पुलावर गाडीचं शेपूट हललं. ब्रेक दाबायचा मोह आवरला, अ‍ॅक्सिलरेटर सोडला, जिकडे शेपूट गेलं तिकडेच स्टिअरिंग हळू वळवलं. सरळ झाली. तीन सेकंद असतील. पुढे एक प्लाऊ (बर्फ बाजूला सारणारी गाडी) सापडला, त्याच्या मागे बरंच अंतर ठेवून ताशी तीस मैलांनी आले. प्लाऊला इथे लोक मतदान करून नावं ठेवतात, 'प्लाउई मॅकप्लाउफेस' वगैरे. याचं नाव अंधारात वाचता आलं नाही, नाहीतर आभाराचं पत्र धाडलं असतं.

पण म्हणून गेले ते चुकलं, असं अजूनही वाटत नाही. राहायला हवं होतं, हे मान्य. सेंट पॉलला मैत्रीण आहे, तिचा सोफा होता.

चिंगी:
हे आधी नाही सांगितलंस! मी इथे तुझ्यासाठी भांडतेय.

खडूस काका:
पूल आधी गोठतात, खाली जमिनीची ऊब नसते म्हणून. शेपूट सावरलंत ते उत्तम केलंत. पण इतक्या गप्पा झाल्या, टायर कोणते ते अजून सांगितलं नाहीत.

रानजाई:
ऑल-सीझन, म्हणजे बारमाही. चार वर्षं झाली. पण गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, चारही चाकं ओढतात!

ढोलकी:
गेलं ते.

खडूस काका:
ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी सुटायला मदत करतं, थांबायला नाही. थांबायला रबर लागतं, आणि ऑल-सीझनचं रबर सात सेल्सियसच्या खालीच कडक व्हायला लागतं, उणे एकोणीस तर लांबच. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्याने सक्तीचे आहेत. मिनेसोटात नाहीत, म्हणून तुम्ही इथे लिहिताय.

रानजाई:
काका, पुढचा शो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आहे.

खडूस काका:
मग उद्या सकाळीच टायरवाल्याला फोन करा. टायरच्या कडेला डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं, ते बघूनच घ्या. पहिल्या बर्फाला सगळे धावतात तेव्हा नंबर लागत नाही, आता जानेवारीत गर्दी ओसरलेली असते. चारही घ्या, दोन नकोत. आणि मैत्रिणीला आजच विचारून ठेवा, सोफा मोकळा आहे का.