प्रवासात आपण मागे काय ठेवून येतो? – अनुभव लिहा

दूरवाट

जुने फोटो संगणकावर चढवत असताना फ्रान्समधल्या ‘मेर द ग्लास’ या हिमनदीचे काही फोटो समोर आले. १९०९ साली सुरू झालेली छोटी रेल्वे प्रवाशांना मोंतांव्हेर या स्थानकापर्यंत आणून सोडते. एके काळी हिमनदी तिथून अगदी जवळ होती. आम्ही गेलो तेव्हा बर्फात कोरलेली गुहा पाहायची, तर शेकडो पायऱ्या उतराव्या लागत आणि अमुक वर्षी हिमनदीची पातळी इथपर्यंत होती, असे सांगणाऱ्या पाट्या वाटेत लागत. माझ्या शाळेच्या दिवसांतली पाटी मागे पडली, तरी आम्ही उतरतच होतो. आपण हे पाहायला विमानाने आलो आहोत, हा विचार तेव्हा कोणाच्याच मनात आला नव्हता. फोटो पाहताना तो आला, म्हणून हा धागा.

प्रवासाच्या सवयींमध्ये तुम्ही काय बदलले, काय जमले, काय अजिबात जमत नाही, हे सविस्तर लिहावे. उपदेश टाळता आला तर उत्तम.

पाणपोई

अगदी साधी गोष्ट लिहिते. बऱ्याच विमानतळांवरच्या सुरक्षा तपासणीत भरलेली बाटली अडवतात, रिकामी अडवत नाहीत, हे पुष्कळांना माहीतच नसते. मी स्टीलची बाटली रिकामी नेते आणि आत गेल्यावर नळावर भरून घेते. नळाचे पाणी पिण्याजोगे नसते तिथे मुक्कामाच्या जागी उकळलेले पाणी मागते. नकार क्वचितच मिळतो, चमत्कारिक नजरा मात्र नेहमी मिळतात.

अवखळ

पाणपोईताई, त्या नजरांची सवय होते. माझ्या सॅकला कचऱ्याची एक पिशवी कायम लटकलेली असते आणि सोबतचे लोक स्वतःची वेष्टणेही निःसंकोचपणे तिच्यात टाकतात. या मार्गाने मी गटाचा बिनपगारी सफाई अधिकारी झालो आहे, बढतीची मात्र काही चिन्हे दिसत नाहीत.

उंबरठा

मी पर्यटकांची गर्दी होते अशा एका गावात राहतो, त्यामुळे माझा अनुभव उलट्या बाजूचा आहे. सुट्टीच्या दिवशी उत्साही गट स्वच्छता मोहिमेसाठी येतात, डोंगरावरचा कचरा वेचतात, पोत्यांसोबत फोटो काढतात आणि ती पोती पायथ्याशी रचून निघून जातात. गावाकडे कचरागाडी नाही, वर्गीकरणाची सोय नाही. वेफर्सच्या पाकिटांमध्ये प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे भंगारवाला ती घेत नाही. मग काही दिवसांनी कुत्री पोती फाडतात, किंवा वैतागून कोणीतरी ती पेटवून देते आणि तो धूर आमच्या घरांत शिरतो. वेचणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मोहीम आखतानाच पोती कोणत्या वाहनातून कोणत्या केंद्रावर जाणार, हे त्यांनी ठरवावे, एवढेच मागणे आहे. एका गटाने हे केले होते. ते थोडाच कचरा वेचू शकले, पण वेचलेला सगळा सोबत घेऊन गेले, आणि गावात आजही त्यांचेच नाव निघते.

दोन_लेकरांची_आई

उंबरठा, तुमचा प्रतिसाद वाचून बरे वाटले, कारण डायपर परत आणण्यावरून आमच्या घरात बरेच वाद झाले आहेत. तेच डायपर प्रवासात झुडपामागे टाकले जातात आणि त्यातले ओल शोषणारे रसायन आणि प्लास्टिक तिथेच राहते. ओल्या टिश्यूंचेही तेच. कागदासारख्या दिसल्या तरी पुष्कळशा टिश्यूंमध्ये प्लास्टिकचे तंतू असतात. मी दोन्हींसाठी घट्ट झाकणाचा एक डबा गाडीत ठेवते. (बाळ पेंगुळलेले आहे, बाकीचे नंतर लिहीन.)

हिशेबनीस

वरचे सगळे प्रतिसाद आवडले, तरीही एक अप्रिय मुद्दा मांडतो. बाटली, पाकीट, डायपर या गोष्टी डोळ्यांना दिसतात, म्हणून त्या आपल्याला बोचतात. विमानाच्या इंजिनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड दिसत नाही, म्हणून तो बोचत नाही. लंडन ते न्यूयॉर्क जाऊन-येऊन केलेल्या विमानप्रवासात इकॉनॉमी वर्गातल्या एका प्रवाशाच्या वाट्याला, मोजण्याच्या पद्धतीनुसार, साधारण अर्धा ते एक टन कार्बन डायऑक्साइड येतो. एवढे उत्सर्जन भरून काढण्यासाठी प्लास्टिकच्या हजारो बाटल्या टाळाव्या लागतील. बिझनेस वर्गातल्या खुर्चीला जागा जास्त लागते, म्हणून तिचा वाटाही मोठा. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात विमानांचा हिस्सा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. शिवाय विमानांमागे उमटणारे ढगांचे पट्टे उष्णता अडकवतात, ती वेगळीच. अडीच टक्के हा आकडा लहान वाटतो तो जगातल्या बहुतेक लोकांनी विमानात कधी पाऊलच ठेवलेले नसल्यामुळे.

मी विमान सोडलेले नाही. दूरच्या सहली कमी करून एकाच ठिकाणी जास्त दिवस राहतो आणि शक्यतो थेट विमान घेतो, कारण दर उड्डाणाला चढताना इंधन फार लागते.

दूरवाट

हिशेबनीस, तुमचा मुद्दा मान्य आहे. मात्र हा सगळा भार एकट्या प्रवाशाने वाहायचा का, असा प्रश्न पडतो. फ्रान्सने २०२३ मध्ये अडीच तासांच्या आत रेल्वेने पोहोचता येते अशा मार्गांवरची देशांतर्गत विमाने बंद केली, पण अटीच अशा होत्या, की प्रत्यक्षात जेमतेम तीन मार्ग त्यात सापडले.

हिशेबनीस

अर्थातच नियम हवेत. ते येईपर्यंत आपण किती उडायचे, एवढेच आपल्या हातात आहे.

कडेकपारी

नियमांचा विषय निघालाच आहे, तर एव्हरेस्टबद्दल लिहितो. नेपाळने २०१४ पासून प्रत्येक गिर्यारोहकाने आठ किलो कचरा खाली आणावा, अशी अट घातली आणि त्यासाठी चार हजार डॉलरची अनामत ठेवली. ऐकायला उत्तम वाटले, पण वरच्या छावण्यांमध्ये पाहायला कोणी नसे, त्यामुळे आठ किलो खालच्या टप्प्यांवर भरून निघत आणि फाटके तंबू, रिकामे ऑक्सिजन सिलिंडर वरच राहत. बर्फ वितळू लागल्यापासून गाडलेला जुना कचरा उघडा पडतो आहे, म्हणजे तापमानवाढ आणि कचरा हे या धाग्यातले दोन्ही विषय तिथे एकाच जागी भेटतात. मी बेस कॅम्पच्या पुढे गेलेलो नाही, पण तिथल्या वाटेवर शेर्पा मंडळी पाठीवरून काय काय खाली आणतात, ते पाहिल्यानंतर स्वतःची पिशवी जड असल्याची तक्रार करवत नाही.

शिंपला

थायलंडच्या माया बे या किनाऱ्यावर मी तो बंद होण्याआधी गेले होते. बोटींची इतकी दाटी होती, की पाण्यापेक्षा डिझेलच जास्त जाणवत होते. २०१८ मध्ये सरकारने तो काही महिन्यांसाठी म्हणून बंद केला आणि उघडला थेट २०२२ मध्ये. मधल्या काळात काळ्या टोकांच्या पंखांचे छोटे शार्क परतले. आता बोटी उपसागरात येत नाहीत, मागच्या बाजूला थांबतात. मला हा उपाय फलकांवरच्या आवाहनांपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो.

पलाऊ या बेटांच्या देशात तर २०१७ पासून पासपोर्टवर पर्यावरण जपण्याच्या शपथेचा शिक्का मारतात आणि प्रवाशाला त्याखाली सही करावी लागते. प्रवाळांना घातक रसायने असलेल्या सनस्क्रीनवर तिथे २०२० पासून बंदी आहे. तेव्हापासून मी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घालते. कापडाने झाकलेल्या अंगाला सनस्क्रीन लागतच नाही.

अवखळ

शिंपलाताई, शपथेवर सही करून नंतर बोटीतून सिगारेटचे थोटूक फेकणारा महाभाग भेटला नाही का?

शिंपला

पलाऊमध्ये नाही, इतरत्र पुष्कळ भेटले. थोटकाचा बोळा कापसाचा असतो, अशी त्यांची ठाम समजूत असते; तो सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा, म्हणजे प्लास्टिकचाच असतो, हे सांगितल्यावर एकाने तरी थोटूक परत डबीत ठेवले.

पाणपोई

विषय थोडा मागे नेते. दोन_लेकरांची_आई, तुम्ही प्रवासात कापडी लंगोट वापरून पाहिले आहेत का? पुढच्या महिन्यात माझी बहीण तान्ह्या बाळाला घेऊन निघणार आहे आणि तिला डायपर शक्य तितके टाळायचे आहेत.

दोन_लेकरांची_आई

हो, कोरड्या हवेच्या ठिकाणी ते छान जमते. धुतल्यावर लंगोट कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून घट्ट पिळले की बरेचसे पाणी निघून जाते आणि पंख्याखाली सकाळपर्यंत ते वाळतात. मात्र पाण्याची टंचाई असलेल्या जागी रोजची धुणी काढणे मला योग्य वाटत नाही आणि दमट किनाऱ्यावर ते काही केल्या वाळत नाहीत. अशा ठिकाणी मी दिवसा लंगोट, रात्री डायपर असे करते. बहिणीला घट्ट झाकणाचा डबा मात्र जरूर घ्यायला सांगा, आणि तो नेहमीपेक्षा एक आकार मोठाच असू द्या.