साखरपुड्याआधी केमिकल पील करावं का? (सोसायटी ग्रुप)

बी-३०४: मुलीचा साखरपुडा १० दिवसांवर आलाय. पार्लरवाली म्हणतेय, ७० टक्के ग्लायकोलिक पील (ॲसिड लावून त्वचेचा वरचा थर सोलून काढणं) करून घ्या, एका बैठकीत चेहरा उजळेल. करू का?

ए-१०२ (त्वचारोगतज्ज्ञ): मुळीच नको, काकू. पीलआधी २ ते ४ आठवडे त्वचेची तयारी लागते. रोज सनस्क्रीन, रात्री डॉक्टरांनी दिलेलं क्रीम, आणि ते क्रीम पीलच्या काही दिवस आधी बंद. मग सुरुवात २०-३० टक्क्यांनी. ग्लायकोलिकचा रेणू लहान, झपाट्याने आत शिरतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला जरा भाजलं की काळा डाग उठतो आणि जायला महिने घेतो.

सी-५०१ (फार्मसिस्ट): नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका, पीएच बघा (आकडा जितका कमी, तितकं ॲसिड तीव्र). तेच ३० टक्के पीएच ३.५ ला सौम्य असतं, १ च्या आसपास पोळतं. ऑनलाइन बाटलीवर पीएच लिहिलेला नसेल तर घेऊच नका. घरी १० टक्क्यांच्या वर नको.

बी-३०४: तिला मुरुमंही आहेत हो.

ए-१०२: मग पुढे सॅलिसिलिक ॲसिडचं पील, २० ते ३० टक्के. ते तेलात विरघळतं, त्यामुळे रंध्रांत उतरतं. काही मिनिटांत पांढरी पूड दिसते, ते स्फटिक, घाबरायचं नाही. ग्लायकोलिकमध्ये मात्र पांढरं दिसलं म्हणजे जास्त झालं, लगेच बायकार्बोनेटच्या (खाण्याच्या सोड्याच्या) द्रावणाने थांबवायचं. त्यात मिनिटं मोजावीच लागतात. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल किंवा दिवस गेले असतील तर सॅलिसिलिक नाही.

डी-२०३ (स्किन क्लिनिकमध्ये नर्स): डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांना आधी व्हॅसलिन हवंच, तिथे द्रव साचतो. चेहऱ्याचं तेल नीट पुसलं नाही तर कुठे जास्त, कुठे कमी लागतं. नंतर सुटलेली साल ओढायची नाही. आठवडाभर थ्रेडिंग, ब्लीच, स्क्रब बंद.

बी-३०४: मग आत्ता काय करू?

ए-१०२: सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, बाहेर असेल तर दर २-३ तासांनी पुन्हा. नवीन काही नाही. आणि ती सध्या लावते त्या क्रीमच्या ट्यूबचा फोटो मला पाठवा. त्यावर बेटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल असेल तर ते स्टेरॉइड आहे, त्वचा आधीच पातळ झालेली असू शकते. तसं असेल तर आधी तिला दाखवायला आणा. क्रीम एकदम बंदही करू नका, चेहरा लालबुंद होऊ शकतो.